कानबाईची गाणी आणि ६४ केबीपीएसच्या फायली : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या पट्ट्यातलं एक गाव. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत.

गावच्या प्राथमिक शाळेत १९९०च्या दशकात एक गुरुजी होते. बायांची गाणी जमवायची त्यांना ओढ होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटली जाणारी गाणी, कानबाईच्या रात्रीची गाणी, हळदीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, सगळं अहिराणीत. टू-इन-वन टेपरेकॉर्डर, त्याच्याच अंगातला माईक आणि ६० मिनिटांच्या साध्या कॅसेटी, एवढंच साहित्य. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून एका बाजूला बायांची गाणी आणि दुसऱ्या बाजूला गावच्या भजनी मंडळाचं भजन, असं एकाच रात्री भरून घ्यायचे. ही काटकसर पुढे फार उपयोगी पडली.

गुरुजी गेल्यावर २००८च्या सुमारास गावातल्या एका तरुणाने त्या कॅसेटी तालुक्याच्या गावी एका दुकानात नेऊन एमपीथ्री सीडी करून घेतली. दुकानदाराने ६४ केबीपीएस निवडलं, म्हणजे आवाजाच्या दर सेकंदाला ६४ किलोबिट जागा; या आकड्यालाच बिटरेट म्हणतात. त्या काळी गिऱ्हाईक ‘किती गाणी मावली’ एवढंच विचारायचं. ७०० एमबीच्या सीडीत ६४ केबीपीएसला सुमारे चोवीस तासांची गाणी बसतात, १२८ला त्याच्या निम्मी. सीडीवरून गाणी मेमरी कार्डात गेली, कार्डातून मोबाइलांत, मोबाइलावरून कोणीतरी देवीचा फोटो लावून युट्यूबवर चढवली, आणि मग ज्यांच्याकडची हरवली होती त्यांनी युट्यूबवरून पुन्हा उतरवून घेतली.

यंदा मंडळाने ठरवलं की कानबाईला ही जुनी गाणी मांडवात लावायची. कानबाई म्हणजे नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी मांडून रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी विसर्जन करायचं. सुरतेला, उधना-लिंबायतला स्थायिक झालेली मंडळीसुद्धा या सणाला गावी येतात. त्यांतल्या कित्येकांच्या आया आणि आज्या त्या कॅसेटींत गात होत्या. आखाजीच्या दिवशी साउंडवाल्याकडून गाणी वाजवून पाहिली, आणि तिथून अडचण सुरू झाली.

अडचण

तक्रारी तीन होत्या. झांज आणि टाळ्यांचा आवाज सतत बुडबुडतो. शब्द कळत नाहीत, विशेषतः चार-पाच जणी एकत्र गातात तेव्हा. आणि आवाज एकसारखा नाही: एक गाणं कानाजवळ नेऊन ऐकावं लागतं, पुढचं एकदम फाटतं.

सुरतेतल्या एका तरुणाने आपुलकीने एक उपाय केला. सगळ्या फायली ३२० केबीपीएसमध्ये बदलून पाठवल्या. पाच मिनिटांचं गाणं २.४ एमबीचं होतं, ते १२ एमबीचं झालं. मंडळाला वाटलं, काम झालं. पुन्हा वाजवलं तर आवाज होता तिथेच. ऐकायला बसलेल्या एका आजींना नातवाने फाईल कशी पाचपट मोठी झाली ते समजावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “ताक तेवढंच शे, घागर मोठी व्हयनी.” याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

माझं जळगावात ध्वनिमुद्रणाचं काम आहे. मंडळाने मला बोलावलं ते या टप्प्यावर. त्यांची मागणी एकाच वाक्याची होती: ‘भाऊ, या फायली सुधारून द्या.’

आधी फाईलमध्ये काय झालेलं असतं ते सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, दोन चॅनेल. मिळून सेकंदाला १,४११ किलोबिट. ६४ केबीपीएसची फाईल हे काम सुमारे बाविसाव्या हिश्शात उरकते. हे नुसतं घडी घालून लहान करणं नाही. एमपीथ्री पद्धत जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या मोठ्या सहभागातून तयार झाली आणि १९९३ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही, या कानाच्या स्वभावावर ती उभी आहे. जे ऐकू येणार नाही ते टाकून द्यायचं. १९२ किंवा २५६ केबीपीएसला हा हिशेब बहुतेक लोकांना कळतही नाही. ६४ला मात्र जागा इतकी अपुरी पडते की ऐकू येणारंही टाकावं लागतं.

झांजेचा आवाज एका सुरावर नसतो, वरच्या सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो. जागा अपुरी पडली की एक पट्टी या क्षणी ठेवली जाते, पुढच्या क्षणी टाकली जाते. ते बुडबुडणं म्हणजे हेच चालू-बंद होणं. टाळीचं वेगळं. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडून हिशेब करते. सीडीच्या दराने लांब तुकड्याची खिडकी १,१५२ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची असते. टाळी तुकड्याच्या शेवटी पडली तरी तिच्या हिशेबातली चूक पूर्ण तुकड्यावर पसरते, आणि टाळीच्या आधीच एक पुसट खरखर ऐकू येते. टाळीची धार त्यामुळे बोथट होते. कानबाईच्या गाण्यांत तर टाळी आणि बांगडी हेच मुख्य वाद्य.

एकदा टाकलेलं परत आणण्याची सोय फाईलमध्ये नसते. बिटरेट वाढवून ते येत नाही. उलट ६४ची फाईल उलगडून पुन्हा ३२०मध्ये बांधताना तिच्या दोषांवर आणखी एक हलका थर चढतो.

तपासणी

फायली ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्यांचा स्पेक्ट्रोग्राम पाहिला, म्हणजे कोणत्या क्षणी खालपासून वरपर्यंतचे कोणते स्वर आहेत ते दाखवणारं चित्र. ३२०च्या म्हणून आलेल्या सगळ्या फायलींत ११ किलोहर्ट्झच्या वर काहीच नव्हतं, सरळ कापल्यासारखी रेघ. खऱ्या ३२०च्या फाईलमध्ये आवाज २० किलोहर्ट्झजवळ जातो. आकड्याच्या लेबलावर विसंबू नये, चित्र पाहावं. फाईलचा मूळ बिटरेट त्यात उघडा पडतो.

चित्रात आणखी तीन गोष्टी दिसल्या. काही गाण्यांत लाटांची टोकं सपाट होती, म्हणजे दुकानात संगणकात घेतानाच आवाज प्रमाणाबाहेर ठेवला होता. काही गाणी स्पष्टच भरभर चालत होती, बायांचे आवाज कोवळ्या मुलींसारखे येत होते. आणि डावा-उजवा चॅनेल जवळजवळ सारखा होता, पण पूर्ण सारखा नव्हता.

ही तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. गुरुजींचा टेपरेकॉर्डर मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा होता. दुकानदाराने ती कॅसेट स्टिरिओ डेकवर लावली आणि स्टिरिओ फाईल केली. एकच आवाज दोन चॅनेलांत आला, पण टेपची खरखर दोन्हीकडे वेगवेगळी, शिवाय टेप वाचणारं डेकचं हेड किंचित तिरकं असल्यामुळे एक चॅनेल दुसऱ्याच्या थोडा मागे. एमपीथ्रीच्या दृष्टीने हे दोन वेगळे आवाज झाले. ६४ किलोबिट दोघांत वाटले गेले, आणि त्यातलाही मोठा हिस्सा खरखर जपण्यात गेला. त्या दिवशी दुकानात ‘मोनो’वर एक क्लिक झालं असतं तर तेच ६४ केबीपीएस एकाच आवाजावर लागले असते आणि यातल्या निम्म्या तक्रारी उभ्याच राहिल्या नसत्या.

समोरचे पर्याय

पहिला, फायली आहेत तशा ठेवून फक्त आवाजाची पातळी सारखी करायची. एमपीथ्रीगेनसारखी अवजारं फाईल न उलगडता तिच्यातला पातळीचा आकडाच बदलतात, १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी. नुकसान काही नाही, खर्च नाही, एका संध्याकाळचं काम. तिसरी तक्रार अर्धी मिटते, पहिल्या दोन तशाच राहतात.

दुसरा, फायली उलगडून वेव्हमध्ये, म्हणजे काही न टाकणाऱ्या मोठ्या फायलींत घ्यायच्या आणि इक्वलायझर, खरखर कमी करणं वगैरे करून पुन्हा बांधायच्या. बहुतेक लोक ‘सुधारणा’ म्हणतात ती ही.

तिसरा, कृत्रिम बुद्धिमत्तेची अवजारं, जी ११ किलोहर्ट्झच्या वरचा हरवलेला भाग नव्याने तयार करून देतात. मंडळातल्या तरुणांचा याकडे ओढा होता. एका गाण्यावर करून पाहिलं. पहिल्या क्षणी खरंच उघडं, चकचकीत वाटलं. पण दोन-तीनदा ऐकल्यावर बांगड्यांच्या जागी झांजेसारखं काहीतरी वाजायला लागलं, आणि एका ठिकाणी ‘स’ नसलेल्या शब्दात ‘स’ ऐकू आला. अवजार हरवलेलं शोधून आणत नाही; असा आवाज इथे साधारण काय असेल, याचा अंदाज भरतं. सिनेसंगीताच्या तालमीत शिकलेल्या अवजाराचा अंदाज अहिराणी ओवीला का म्हणून लागू पडावा? ज्या बोलीचं छापील साहित्यच थोडं आहे, तिच्या गाण्यात एक अक्षर बाहेरून घुसलं तर पुढच्या पिढीला ते ओळखायला आधार राहत नाही. हा पर्याय मी ठामपणे बाजूला ठेवायला सांगितलं.

चौथा, मूळ कॅसेटी शोधायच्या आणि नव्याने उतरवायच्या. वेळ लागणार, आणि कॅसेटी आहेत की नाहीत हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

पाचवा, ज्या बाया हयात आहेत त्यांच्याकडून पुन्हा गाऊन घ्यायचं.

पहिला निर्णय : हात फायलीला लावायचा की शोधाला

आखाजी आणि कानबाई यांच्यात तीनेक महिने असतात, त्यात पेरणीचे दिवस येतात. मंडळात दोन मतं पडली. काहींचं म्हणणं, कॅसेटींच्या मागे लागून हाती काही आलं नाही तर कानबाईला वाजवायला काहीच उरणार नाही. हा धाक खरा होता. म्हणून एक मधला मार्ग काढला: पहिल्या पर्यायाप्रमाणे पातळी सारखी केलेला एक संच लगेच पेनड्राइव्हवर तयार ठेवायचा, म्हणजे सण अडणार नाही; आणि उरलेला वेळ शोधाला द्यायचा.

शोध दोन दिशांनी झाला. एक, गुरुजींच्या घरच्यांकडे. दुसरी, गावात आणि सुरतेत ज्यांच्याकडे ही गाणी आहेत त्या प्रत्येकाकडून त्याची प्रत मागवायची, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवायला सांगायचं, म्हणजे फाईल जशी आहे तशी येते. व्हिडिओ किंवा स्टेटस म्हणून आलेली प्रत वाटेतच पुन्हा दाबली जाते, म्हणजे तिच्यातलं आणखी काही टाकून ती लहान केली जाते.

प्रतींचा ढीग जमला. त्यांची पिढ्यांप्रमाणे मांडणी केली: दुकानाच्या सीडीवरून थेट आलेली पहिली पिढी, कार्डावरून कार्डात जशीच्या तशी गेलेलीही पहिलीच, युट्यूबवरून उतरवलेली दुसरी, तिच्यावर पुन्हा ३२०चा शिक्का मारलेली तिसरी. कान आणि स्पेक्ट्रोग्राम दोन्ही वापरून हे ठरवता येतं. गावभर फिरत होती ती बहुतांशी तिसऱ्या पिढीची प्रत. मूळ सीडी एका घरात पोथीच्या कपाटात निघाली. एका संगणकात ती अडखळली, दुसऱ्याच्या ड्राइव्हने बरीचशी वाचली. नुसतं तिसऱ्या पिढीवरून पहिल्या पिढीवर आलो तरी झांजेचं बुडबुडणं कानाला कळेल इतकं कमी झालं. इथवर एकाही गाण्यावर प्रक्रिया केलेली नव्हती.

कॅसेटी गुरुजींच्या मुलाच्या घरी, पत्र्याखालच्या माळ्यावर सापडल्या. खान्देशचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. काही डब्या वाकल्या होत्या. दोन कॅसेटींवर नंतर कोणीतरी सिनेमाची गाणी भरली होती. तिथलं मूळ कायमचं गेलं. आणि निरोप मिळताच घरच्यांनी ‘चालते का बघू’ म्हणून एक कॅसेट जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये लावली, तिची टेप रोलरला गुंडाळली गेली. ती चुरगळलेली टेप नंतर सरळ केली, पण त्या जागी आवाज दर खेपेला दचकतो.

दुसरा निर्णय : कॅसेट कशी उतरवायची

हा भाग तपशिलाने लिहितो, कारण आवाजाच्या दर्जात खरा फरक इथेच पडला.

सगळ्यांत आधी प्रत्येक कॅसेटच्या माथ्यावरचे दोन्ही टॅब मोडले, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. वाकलेल्या डब्यांतली रिळं काढून स्क्रूच्या नव्या डब्यांत बसवली. टेपला हेडवर दाबून धरणारी स्पंजची गादी काही कॅसेटींत गळून पडली होती. ती नसेल तर वरचे स्वर येतच नाहीत. डेक भुसावळच्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडून मिळाला. त्यांनी बेल्ट बदलून, हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून दिला.

मग हेडचा कल. कॅसेटची टेप सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर चालते, त्यामुळे वरच्या स्वरांच्या लाटा टेपवर अतिशय बारीक लिहिल्या जातात. गुरुजींच्या टेपरेकॉर्डरचं हेड ज्या कलाने होतं त्याच कलाने वाजवणारं हेड असलं पाहिजे. थोडा फरक पडला तरी शब्दांतले ‘स’, ‘च’, ‘ट’ पुसट होतात. डेकच्या हेडशेजारी यासाठी एक छोटा स्क्रू असतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐकायचं आणि खरखर सगळ्यांत उजळ होईल तिथे स्क्रू थांबवायचा. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं. दुकानात ते झालेलं नव्हतं, आणि शब्द न कळण्याचं मोठं कारण एमपीथ्री नसून हेच होतं. हे समजल्यावर मंडळातल्या तरुणांचा कॅसेटींवरचा विश्वास एकदम वाढला.

उतरवलं २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला, पातळी मुद्दाम खाली ठेवून. कॅसेटवर आवाज मुळीच फाटलेला नव्हता; फाटला होता तो दुकानाच्या संगणकात. आणखी एक गोष्ट उघड झाली. या टेपवर १० किलोहर्ट्झच्या वर गाण्याचं असं फारसं काही नव्हतंच, टू-इन-वनच्या माईकची झेप तेवढीच. म्हणजे ११ किलोहर्ट्झला कापलेल्या रेघेने जितका धसका दिला होता तितकं नुकसान तिने केलेलं नव्हतं. नुकसान रेघेच्या खालच्या भागात होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवजाराने वर जे नवं भरून दिलं होतं ते मूळ टेपवरही नव्हतं, याचा हा पुरावाच मिळाला.

काही गाण्यांत ओळ सुरू होण्याच्या दीड-दोन सेकंद आधी तीच ओळ पुसट ऐकू येत होती. रिळात टेपचे वेढे एकमेकांवर बसतात आणि उष्णतेत एका वेढ्याचा चुंबकीय ठसा शेजारच्यावर उमटतो, त्याचा हा परिणाम. तो काढण्याचा प्रयत्न केला नाही.

तिसरा निर्णय : वेग कशावरून ठरवायचा

काही कॅसेटी भरभर चालत होत्या. लोडशेडिंगमुळे गुरुजी सेलवर रेकॉर्डिंग करायचे. सेल उतरले की मोटर मंदावते, आणि मंद वेगाने भरलेलं योग्य वेगाने वाजवलं की चढ्या सुरात येतं. एका कॅसेटमध्ये तर अर्ध्या तासात सूर हळूहळू चढतच जातो.

ज्या कॅसेटी विजेवर भरल्या होत्या त्यांत तारेची घरघर होती. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घरघर ५२वर दिसली तर टेप चार टक्के भरभर आहे असं म्हणता येतं. पण १९९०च्या दशकात आपल्या ग्रीडची वारंवारता ५०वर ठाम राहत नसे, ताण वाढला की ४८च्या आसपासही उतरायची. त्या घरघरीवर किती भरवसा ठेवायचा?

उत्तर कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूने दिलं. तिथे भजन होतं आणि भजनात पेटी होती. तीच पेटी अजून गावच्या विठ्ठल मंदिरात आहे. भजनातला सूर त्या पेटीवर लावून पाहिला. जवळपास अर्धा स्वर, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास चढ निघाला. तेवढा वेग उतरवला. सूर आणि चाल दोन्ही एकत्र उतरतील असंच करायला हवं, कारण बिघडलेला वेग होता. नुसता सूर उतरवणारं साधन वापरलं असतं तर गाणी भरभरच राहिली असती. उतरवलेलं ऐकवलं तेव्हा गर्दीतून तीन नावं एकदम आली: ‘ही अमकीची माय’, ‘ही मोठी काकू’. त्याआधी कोणाला आवाज ओळखता आला नव्हता.

चौथा निर्णय : खरखर किती काढायची

ऑडॅसिटीत खरखरीचा एक तुकडा नमुना म्हणून दाखवायचा आणि तेवढी पूर्ण गाण्यातून उतरवायची, अशी सोय आहे. कॅसेटवरून थेट घेतलेल्या आवाजावर ती चांगली चालते, कारण टेपची खरखर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी असते. एमपीथ्रीत तिचाही चुरा झालेला असतो, ती क्षणाक्षणाला बदलते; तिथे हेच साधन नवीन बुडबुडणं जन्माला घालतं.

कॅसेटच्या आवाजावर आधी बरीच खरखर काढून दाखवली. तरुणांना आवडलं, स्वच्छ वाटलं. ज्यांचं रेकॉर्डिंग होतं त्यांतल्या एक आजी म्हणाल्या, “हाई आमनं घर वाटत नही.” बांगड्या गेल्या होत्या, मागचं लेकरू गेलं होतं, जात्याची घरघर पातळ झाली होती. शेवटी सुमारे ६ डेसिबलवर थांबलो: खरखर मागे सरकते, घर राहतं.

ज्या गाण्यांच्या कॅसेटी मिळाल्याच नाहीत त्यांना सीडीवरच्या पहिल्या पिढीचाच आधार होता. त्यांचे डावा-उजवा चॅनेल आधी एका रेषेत आणले. फरक दोन-अडीच नमुन्यांचा होता, पण तसेच मिसळले असते तर ९ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खाऊन गेला असता. मग मोनो केलं. दोन चॅनेलांतले दाबणीचे दोष थोडे वेगवेगळे असतात, मिसळल्यावर ते अंशतः निवतात आणि गाणं शिल्लक राहतं. बुडबुडणं संपलं नाही, पण सुसह्य झालं. या फायलींवर खरखर काढणं अजिबात वापरलं नाही.

मांडवात वाजवताना

साउंडवाल्याच्या मिक्सरला पेनड्राइव्ह लावायची सोय होती, ती फक्त एमपीथ्री वाचत होती. म्हणून दोन संच केले. जपणुकीचा संच २४ बिटांचा, फ्लॅकमध्ये, ज्यात आवाजातलं काही टाकलं जात नाही. वाजवायचा संच मोनो एमपीथ्री, १२८ केबीपीएस. एकाच चॅनेलला एवढी जागा पुरेशी आहे.

वाजवायच्या संचात १५० हर्ट्झखालची घुमघुम कापली, २ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल चढवले, कारण व्यंजनं तिथे उमगतात, आणि भोंगा त्या पट्ट्यात नीट बोलतो. जपणुकीच्या संचात हे काही केलं नाही. भोंगा बदलेल, मांडव बदलेल. त्याच्या सोयीसाठी मूळ आवाजाला हात लावायची गरज नाही.

निष्पत्ती

रविवारी दुपारी स्थापना झाल्यावर गाणी लागली. शब्द कळत होते, याची खूण अशी की बसलेल्या बाया सोबत म्हणू लागल्या आणि दोन ठिकाणी ‘ही ओळ अशी नाही, आमच्याकडे वेगळी म्हणतात’ असा वादही झाला. पाठभेद लगेच वहीत उतरवून घेतले. तरुणांची तक्रार राहिली की बेस कमी आहे. ती रास्त आहे. त्या टेपवर बेस नव्हताच, आणि ढोलाचा कृत्रिम ठोका घालायला बायांनी नकार दिला.

बहुतेक गाणी कॅसेटवरून मिळाली, थोडी सीडीवरून, आणि सिनेमाची गाणी भरलेल्या दोन कॅसेटींवरचं जे सीडीतही वाचता आलं नाही ते गेलं. त्यातली काही गाणी हयात असलेल्या बायांनी पुन्हा गायली. माजघरात भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, मोबाइल हातभर अंतरावर ठेवून, वेव्हमध्ये रेकॉर्ड केली. ती वेगळ्या फोल्डरमध्ये, नव्या तारखेने ठेवली आहेत. जुन्यात मिसळली नाहीत. तपासणीसाठी वापरलेल्या ३२०च्या फायली सगळ्यांना पुसायला सांगितल्या, कारण आकडा मोठा दिसला की लोक तीच प्रत पुढे पाठवतात.

वेगळं काय करता आलं असतं

सीडी केल्यावर कॅसेटींचं काम संपलं असं तेव्हा सगळ्यांनी धरलं, आणि त्यांच्यावर सिनेमाची गाणी भरली गेली. या प्रकरणातलं भरून न येणारं सगळ्यांत मोठं नुकसान हेच, आणि ते आवाज दाबण्याने झालेलं नाही.

शोधाचा निरोप देताना ‘कॅसेट आहे का’ इतकंच विचारलं गेलं. त्याच निरोपात ‘लावून बघू नका’ असंही सांगायला हवं होतं. एक कॅसेट वाचली असती.

आजींना खरखरीच्या निर्णयात शेवटी बोलावलं गेलं. त्या पहिल्या दिवशी असत्या तर काय जपायचं हे आधीच कळलं असतं, आणि वेगाचा घोळही लवकर सुटला असता. स्वतःच्या बहिणीचा आवाज त्यांना पेटीच्या आधी ओळखू आला असता.

युट्यूबवर गाणी चढवताना कोणालाही विचारलं नव्हतं. ओव्यांत घरातल्या माणसांची नावं येतात, सासरचे सल येतात. यंदा वाटप करण्याआधी प्रत्येक घराला विचारलं. दोन घरांनी काही ओव्या बाहेर देऊ नका म्हटलं, त्या दिल्या नाहीत. जुन्या व्हिडिओत मात्र त्या आहेत, आणि तो चढवणाऱ्याचं खातंच आता कोणाच्या हाती नाही.

लिंबायतमधल्या एका कुटुंबाकडे गुरुजींच्या आणखी काही कॅसेटी असल्याचं कानबाईच्या रात्री कळलं. त्या कोणी वाजवून पाहू नयेत, उन्हात गाडीत ठेवू नयेत आणि येणाऱ्या माणसाच्या हातीच पाठवाव्यात, असं मंडळाने त्यांना फोनवर सांगितलं आहे. डेक भुसावळच्या काकांकडे परत दिलेला नाही.